बेअरिंगचा हब आणि शाफ्ट लेथवर करून घ्यायचा आहे. ड्रॉइंगवर नेमके काय लिहावे?

प्रश्न

नमस्कार. लाकूडकामासाठी माझ्याकडे एक जुना बँडसॉ आहे. त्याच्या वरच्या चाकाचा हब (मधला गोल भाग) आणि शाफ्ट दोन्ही झिजले आहेत आणि सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून ते लेथवर नवे करून घ्यायचे ठरवले. रचना साधी आहे. शाफ्ट ब्रॅकेटमध्ये पक्का बसतो, तो फिरत नाही. त्यावर ६००४ क्रमांकाची दोन बेअरिंग्ज, बेअरिंगांवर हब आणि हबच्या फ्लँजला (कडेच्या रुंद चकतीला) सहा बोल्टांनी आवळलेले चाक. मी संगणकावर थ्रीडी मॉडेल तयार केले, सॉफ्टवेअरने आपोआप टाकलेली मापे तशीच राहू दिली आणि ड्रॉइंग छापून टर्नरच्या हाती दिले.

भाग ड्रॉइंगप्रमाणेच होऊन आले, पण जोडणी जमली नाही. हबच्या एका टोकाचा बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचे भोक, ४२ मिमी लिहिला होता, तो ४२.०६ भरला आणि बेअरिंग नुसते ठेवले तरी आत घसरू लागले. दुसऱ्या टोकाला बेअरिंग दाबून बसले, पण आतल्या खांद्याला (पायरीला) पूर्ण टेकलेच नाही. कोपऱ्यापाशी थोडे अलीकडेच अडले आणि किंचित तिरपे राहिले. शाफ्टवर बेअरिंगची जागा ४४ मिमी लांब हवी होती, ती ४४.६ झाली, त्यामुळे नट आवळला की तो शाफ्टच्या पायरीलाच टेकतो आणि बेअरिंगची आतली रिंग मोकळी राहते.

दुसऱ्या खेपेस मी अगदी उलटे केले. प्रत्येक मापापुढे ±०.०१ लिहिले. टर्नरने ते ड्रॉइंग बराच वेळ पाहिले आणि परत देताना विचारले, "यातली कोणती मापे तुम्हाला खरोखर इतकी नेमकी हवी आहेत?" मला उत्तर देता आले नाही. तोच प्रश्न येथे मांडतो आहे. कोणत्या मापाला किती टॉलरन्स, म्हणजे कमी-जास्त होण्याची सूट, द्यावी हे कसे ठरवायचे? लांबीची मापे कोठून धरायची? थ्रीडी फाइल दिल्यावर कागदी ड्रॉइंगची गरज उरते का? बेअरिंग शाफ्टवर घट्ट आणि हबमध्ये सरकते असावे असा माझा समज आहे आणि नव्या ड्रॉइंगमध्ये तसेच लिहिण्याचा विचार आहे. ते बरोबर आहे का, हेही सांगावे.

उत्तर १

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो चुकला तर बाकीचे ड्रॉइंग कितीही सुबक असले तरी हब पुन्हा झिजेल. शाफ्ट फिरतो आणि बाहेरचे घर स्थिर असते अशा यंत्रांत, म्हणजे बहुतेक मोटारींत आणि पंपांत, आतली रिंग घट्ट आणि बाहेरची सरकती ठेवतात. तुमच्याकडे नेमके उलट आहे. करवतीच्या पट्टीचा ताण नेहमी एकाच दिशेने आहे आणि फिरतो तो हब. त्यामुळे बाहेरच्या रिंगचा प्रत्येक बिंदू फेरीगणिक त्या ताणाखालून जातो. अशी रिंग सैल असली तर ती बोअरमध्ये कणाकणाने सरकत राहते, आणि ते सरकणेच बोअर खाऊन टाकते. जुना हब झिजण्याचे कारणही बहुधा हेच असावे. म्हणून तुमच्या जोडणीत बाहेरची रिंग घट्ट हवी आणि आतली रिंग शाफ्टवर हाताने सरकेल इतपत चालते.

आता हे आकड्यांत मांडू. फिटच्या, म्हणजे जोड किती घट्ट किंवा सैल हे सांगणाऱ्या, आयएसओ पद्धतीत भोकासाठी मोठे अक्षर आणि शाफ्टसाठी लहान अक्षर वापरतात. पट्टा ताणणाऱ्या पुलीसारख्या हलक्या कामात, जेथे बाहेरची रिंग फिरते, तेथे बेअरिंगचे कॅटलॉग बोअरसाठी मोठा एम ७ सुचवतात. ४२ मिमी व्यासाला त्याचा अर्थ ४२.००० ते ४१.९७५ असा होतो. बेअरिंगचा बाहेरचा व्यास ४२.००० ते ४१.९८९ या मर्यादेत असतो, म्हणजे ही दोन मापे एकमेकांवर ठेवली की बहुतेक वेळा थोडा दाब मिळतो. एन ७ याहून घट्ट आहे आणि जड चाकांच्या हबसाठी वापरतात, पण रिंग जास्त दाबली की बेअरिंगच्या आतला मोकळेपणा कमी होतो आणि ते जड फिरू लागते. तुमच्या कामाला तितके घट्ट करू नये असे माझे मत आहे. शाफ्टसाठी लहान एच ६ ठेवावा: २० मिमीला २०.००० ते १९.९८७.

ड्रॉइंगवर "एम ७" एवढेच लिहून थांबू नका. त्याच ओळीत वरची आणि खालची मर्यादा मिलिमीटरमध्ये लिहा. तक्ता उघडून आकडा शोधण्याचे काम तुम्ही एकदा शांतपणे करावे. मशीन चालू असताना ते दुसऱ्याला करावे लागू नये.

टॉलरन्स कोठे द्यायचा हे ठरवण्याची माझी पद्धत अशी आहे. ड्रॉइंगची एक जास्तीची प्रत काढतो आणि जो पृष्ठभाग दुसऱ्या कशाला स्पर्श करतो, त्यावर रंगीत पेन्सिलने रेघ मारतो. तुमच्या हबमध्ये अशा रेघा फार थोड्या पडतील: बेअरिंगचा बोअर, चाकाच्या भोकात बसणारी गोल कड म्हणजे स्पिगॉट, आणि चाकाला टेकणारा फ्लँजचा फेस. फ्लँजचा बाहेरचा व्यास ९० मिमी आहे असे धरू. तो हवेशिवाय कशालाच लागत नाही, तो ८९.८ झाला काय आणि ९०.२ झाला काय, चाक तसेच फिरणार. अशा मापावर ±०.०१ लिहिले की टर्नर तेथेही मायक्रोमीटर लावतो, शेवटचा हलका कट घेतो, पुन्हा मोजतो. तो वेळ बोअरला मिळायला हवा होता.

रंग न लागलेल्या सगळ्या मापांसाठी एकच वाक्य पुरते: "अन्य मापे आयएसओ २७६८ मध्यम वर्गानुसार." त्या वर्गात ६ ते ३० मिमीपर्यंत ±०.२, ३० ते १२० पर्यंत ±०.३ आणि १२० ते ४०० पर्यंत ±०.५ अशी सूट मिळते. या हिशेबाने पाहिले तर तुमचा ४२.०६ चा बोअर चुकीचा नव्हताच. ड्रॉइंगने त्या मापाबद्दल वेगळे काहीच सांगितले नव्हते आणि टर्नरने तर सर्वसाधारण सुटीपेक्षा कितीतरी जवळ काम केले होते.

लांबीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ४४.६ कसे झाले ते यात आहे. तुमच्या शाफ्टच्या ड्रॉइंगवर जाड भागाची लांबी, बेअरिंगची जागा, आट्यांची लांबी आणि शिवाय एकूण लांबी, अशी चारही मापे असणार, कारण सॉफ्टवेअर ती आपोआप टाकते. उदाहरणादाखल ती ९०, ४४, २६ आणि १६० धरा. टर्नरने एकूण १६०, जाड भाग ९० आणि टोकाकडचे आटे २६ सांभाळले, तर मधल्या लांबीच्या वाट्याला तिन्ही मापांची चूक येते: ०.३, ०.२ आणि ०.५ मिळून १.० मिमी. म्हणजे सगळी मापे सुटीत असूनही तुमची ४४ ची जागा ४३ ते ४५ यांत कोठेही पडू शकते. उपाय दोन आहेत आणि दोन्ही एकत्र करावेत. साखळीतले एक माप काढून टाकावे, किंवा कंसात लिहावे. कंसातले माप फक्त माहितीसाठी असते, ते तपासायचे नसते. आणि ज्या लांबीवर जोडणी अवलंबून आहे ती थेट, एकाच मापाने, स्वतःच्या टॉलरन्ससह लिहावी. येथे आधाराचा फेस म्हणजे बेअरिंग ज्याला टेकते तो शाफ्टचा खांदा. बेअरिंगच्या जागेचे माप तेथूनच सुरू व्हायला हवे, शाफ्टच्या टोकापासून नव्हे.

शिवाय ती लांबी ४४ लिहूच नये. बेअरिंगची रुंदी १२ असते, पण तिला ०.१२ ने कमी असण्याची मुभा आहे. दोन बेअरिंग्ज आणि मधला २० चा स्पेसर (अंतर राखणारी नळी) मिळून ४३.७ च्या आसपासही भरू शकतात. नटने बेअरिंगलाच आवळावे अशी इच्छा असेल, तर शाफ्टची पायरी त्यापेक्षा निश्चितपणे आखूड हवी. ४३.० ते ४३.४ असे लिहा. तुमचा मूळ आकडा गणिताने बरोबर होता, पण जोडणीला तो चालणारा नव्हता.

थ्रीडी फाइलबद्दल: ती अवश्य द्या, पण ड्रॉइंगऐवजी देऊ नका. स्टेप फाइलमध्ये, म्हणजे नेहमी दिल्या जाणाऱ्या थ्रीडी फाइलमध्ये, बोअर नेमका ४२ असतो. तो घट्ट हवा की सैल, कोणता पृष्ठभाग गुळगुळीत हवा, भोकात आटे पाडायचे आहेत की ते साधेच ठेवायचे आहे, हे नेहमीच्या स्टेप फाइलवरून कळत नाही. मॉडेल आणि कागद यांत फरक आढळल्यास कागद प्रमाण धरावा, असे ड्रॉइंगवर एका ओळीत लिहून ठेवावे.

उत्तर २

मी लेथवर काम करतो आणि तुमच्यासारखी ड्रॉइंग्ज रोज हातात येतात, म्हणून मशीनच्या बाजूने काही सांगतो. वरच्या उत्तरातल्या आकड्यांशी मी सहमत आहे.

तुमचे बेअरिंग खांद्याला का टेकले नाही, ते आधी पाहू. बोअरिंग बारला (भोक कापणाऱ्या हत्याराला) जे इन्सर्ट, म्हणजे कापणारे पाते, लावतात त्याचे टोक अणकुचीदार नसते, त्याला गोलाई असते. ०.४ आणि ०.८ मिमी या गोलाया सर्रास वापरात आहेत. ०.८ चे इन्सर्ट जोमाने कापते आणि फिनिशही चांगले देते, म्हणून ड्रॉइंगवर काही लिहिलेले नसले की हात साहजिकच त्याकडे जातो. बोअर जेथे खांद्याला मिळतो तेथे मग ०.८ ची गोलाई शिल्लक राहते. ६००४ बेअरिंगच्या कडेला कॅटलॉगमध्ये किमान ०.६ ची गोलाई दिलेली आहे. म्हणजे हबच्या कोपऱ्यातली गोलाई बेअरिंगच्या कडेपेक्षा मोठी झाली आणि बेअरिंग खांद्याऐवजी त्या गोलाईवर चढून बसले. भिंगाखाली पाहिलेत तर बेअरिंगच्या कडेवर एक बारीक चकाकणारी रेघ दिसेल. टेकले आहे ते तेथेच. ड्रॉइंगवर "कोपऱ्यातील गोलाई कमाल ०.४" असे बाण काढून लिहिले असते, किंवा कोपऱ्यात लहानसा अंडरकट (आत कापलेली खाच) दाखवला असता, तर ही अडचण आली नसती. शाफ्टच्या खांद्यालाही हेच लागू आहे.

पण मला विचाराल तर हबच्या आत खांदा ठेवूच नका. मध्ये खांदा असला की दोन्ही टोकांचे बोअर एका बाजूने करता येत नाहीत. एक बाजू झाली की जॉब चकमधून काढून उलटा धरावा लागतो, आणि कितीही काळजीपूर्वक डायल लावून सरळ केला तरी दुसरा बोअर पहिल्याशी शंभर टक्के एका रेषेत येईलच असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याऐवजी ४२ चा बोअर आरपार सरळ ठेवा, दोन बेअरिंगांच्या मध्ये स्पेसर घाला आणि दोन्ही टोकांना आतल्या सर्क्लिपची (बेअरिंग अडवून धरणाऱ्या स्प्रिंगच्या कडीची) खोबण द्या. बोअर, दोन्ही खोबणी, फ्लँजचा फेस आणि चाकात बसणारा स्पिगॉट, सगळे एकाच पकडीत होते. जे एका पकडीत झाले ते एकमेकांशी आपोआप जुळते. कोपरा नाही, म्हणून गोलाईचा प्रश्नही मिटतो.

ही गोष्ट ड्रॉइंगवर स्पष्ट लिहा. बोअरला "ए" असा आधार म्हणजे डेटम द्या आणि स्पिगॉट व फ्लँजचा फेस यांना त्या आधाराने रनआउट (फिरवताना दिसणारा डगमग) ०.०२ द्या. ज्याला ही चिन्हे वाचायची सवय आहे त्याला ती पुरतात. सोबत "बोअर, स्पिगॉट व फेस एकाच सेटिंगमध्ये करावे" असे साध्या शब्दांतही लिहिले तर काही बिघडत नाही. काही जण म्हणतात की काम कसे करावे हे ड्रॉइंगने सांगू नये. मोठ्या संख्येने भाग होणार असतील तर ते मला पटते. एकाच नगासाठी अशी सूचना म्हणजे भाग कशासाठी आहे ते सांगणेच होय, आणि मला ती वाचून मदतच होते.

शाफ्टवरच्या आट्यांबद्दल कोणी लिहिले नाही. एम १६ × १.५ चे आटे थेट पायरीपर्यंत दाखवू नका. आटे पाडणाऱ्या हत्याराला बाहेर पडायला जागा लागते. ती नसली तर शेवटचे दोन-तीन आटे अपुरे राहतात आणि नट तेथेच अडतो. पायरीलगत सुमारे ४ मिमी रुंद आणि १३.७ व्यासाचा अंडरकट दाखवा. आट्यांचा पिचही (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) प्रत्येक वेळी लिहा, कारण एम १६ चा भरड पिच २ आहे आणि पिच लिहिला नसेल तर मी २ च धरणार.

आणखी एक विनंती. गोल भाग काढताना त्याची मध्यरेषा आडवी ठेवा आणि हब छेदात, म्हणजे सेक्शनमध्ये दाखवा. तुटक रेषांनी दाखवलेल्या आतल्या कडांवर मापे देऊ नका. सगळे व्यास एकाच लांबट दृश्यात, ⌀ चिन्हासह द्या. समोरून दिसणारे गोल दृश्य फक्त बोल्टांच्या भोकांसाठी लागते. मशीनवर जॉब जसा दिसतो तसाच कागदावर दिसला की मापे डोळ्यांत बसतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बेअरिंगच्या कडेवरची चकाकणारी रेघ खरोखरच सापडली, रिंगच्या अर्ध्याहून अधिक घेरावर आहे.

आरपार बोअर आणि सर्क्लिपची रचना मी स्वीकारतो. त्यावरून तीन शंका उरतात. खोबणींमधले अंतर कसे लिहावे? चाकाचे भोक मी व्हर्नियरने मोजले; वेगवेगळ्या ठिकाणी ५९.९८ पासून ६०.०४ पर्यंत आकडे आले, तर स्पिगॉटचे माप काय धरावे? आणि गंज लागू नये म्हणून शाफ्टला झिंक प्लेटिंग करून घ्यायचा विचार आहे, ते ड्रॉइंगवर कसे लिहावे?

उत्तर ३

प्लेटिंगबद्दल मी सांगू शकेन, कारण या एका ओळीमुळे वाया गेलेले भाग मी पाहिले आहेत. झिंकचा थर ८ मायक्रॉनचा (०.००८ मिमीचा) धरला तरी तो शाफ्टच्या दोन्ही बाजूंना चढतो, म्हणजे व्यास १६ मायक्रॉनने वाढतो. तुमच्या २० मिमीच्या शाफ्टला एच ६ मध्ये एकूण सूटच १३ मायक्रॉन आहे. मशीनवर अचूक झालेला शाफ्ट प्लेटिंग होऊन आल्यावर बेअरिंगमध्ये जाणार नाही. आट्यांवर परिणाम आणखी मोठा होतो: ६० अंशांच्या आट्यांत पिच व्यास (आट्यांच्या उतारांवर मध्यात मोजलेला व्यास) थराच्या चौपट वाढतो, म्हणजे येथे ३२ मायक्रॉन.

प्लेटिंग हवेच असेल तर "मापे प्लेटिंगनंतरची आहेत" किंवा "प्लेटिंगपूर्वीची आहेत" हे लिहिणे अत्यावश्यक आहे, आणि बेअरिंगच्या जागा झाकून घ्याव्यात असेही लिहावे. तुमच्या शाफ्टला मात्र त्याची गरज मला दिसत नाही. रासायनिक काळे करण्याच्या प्रक्रियेने माप जवळपास बदलत नाही; ती करून वर तेलाचा हात दिला तर लाकूडकामाच्या खोलीत ते पुरेसे आहे. ड्रॉइंगवर धातूचे नाव नुसते "स्टील" असे न लिहिता "सी ४५" असा नेमका दर्जा लिहा. हबसाठीही तोच चालेल.

उत्तर २

खोबणींचे अंतर लिहिताना पुन्हा तोच विचार करा की सर्क्लिप कोठे टेकते. बेअरिंगने बाहेर ढकलले की सर्क्लिप खोबणीच्या बाहेरच्या भिंतीला टेकते. म्हणून दोन खोबणींच्या बाहेरच्या भिंतींमधले अंतर द्या. बेअरिंग १२, स्पेसर २०, बेअरिंग १२ आणि १.७५ जाडीच्या दोन सर्क्लिप मिळून ४७.५ होतात, तर अंतर ४७.६ ते ४७.८ ठेवा. ४२ च्या बोअरला खोबणीचा व्यास ४४.५ आणि रुंदी १.८५ लागते. खोबणीच्या बाहेर टोकापर्यंत निदान ४ मिमी धातू राहू द्या, नाहीतर ती कड दाबाने तुटते.

स्पेसर दोन लागतील. एक बाहेरच्या रिंगांच्या मध्ये, तो ४१.८ व्यासाचा; दुसरा आतल्या रिंगांच्या मध्ये, शाफ्टवर. आतला स्पेसर बाहेरच्यापेक्षा ०.०२ ते ०.०५ ने लांब हवा, आखूड कधीही नको. आतला आखूड झाला तर नट आवळताच दोन्ही बेअरिंगांवर आडवा ताण येतो आणि चाक हाताला जड लागते. हे दोन्ही स्पेसर एकाच कागदावर शेजारी शेजारी काढा आणि ही अट त्यांच्याखाली लिहा. वेगवेगळ्या कागदांवर काढले तर ते वेगवेगळ्या दिवशी होतील आणि कोणी त्यांची आपसात तुलना करणार नाही.

चाकाच्या भोकाबद्दल: व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी भोक मोजताना जबडे जरा वाकडे धरले गेले, किंवा ते नेमके व्यासावर आले नाहीत, की आकडा बदलतो. ५९.९८ आणि ६०.०४ यांतला काही फरक चाकाचा आहे आणि काही हाताचा. त्यावरून स्पिगॉटचे माप ठरवू नका. चाकच वर्कशॉपमध्ये घेऊन जा. ड्रॉइंगवर "स्पिगॉट ⌀६०, सोबत दिलेल्या चाकाशी जुळवून, हाताच्या दाबाने सरकेल असा" एवढे लिहा. मी भोक बोअर गेजने मोजेन, ते किती अंडाकृती झाले आहे ते पाहीन आणि स्पिगॉट त्याला जुळवेन. हा मार्ग एकाच नगासाठी आहे. उद्या असेच दहा हब करायचे असतील तर तो उपयोगी नाही. तेव्हा चाकाचे भोक आधी एका ठरावीक मापाला आणावे लागेल. दोन बेअरिंग्जही सोबत द्या. माझे मोजमाप पक्के असले तरी हातात खरा जोड असला की शंका उरत नाही.

मोजण्यावरून एक सांगतो. लेथवरून नुकताच काढलेला जॉब गरम असतो. ४२ चा स्टीलचा बोअर २० अंशांनी गरम असेल तर तो जवळपास ०.०१ मिमी मोठा मोजला जातो आणि तुमची सगळी सूट ०.०२५ आहे. मापे २० अंश सेल्सियसला धरायची हा आंतरराष्ट्रीय नियम त्यासाठीच आहे. भाग घेताना तुम्हीही तो थंड झाल्यावर तपासा.

उत्तर १

बोल्टांच्या भोकांचे राहिले. हबमध्ये एम ६ चे आटे आणि चाकाला ६.६ ची मोकळी भोके असतील, तर बोल्टाभोवती व्यासात ०.६ मोकळे राहतात. ते दोन्ही भागांत वाटून हबच्या सहा भोकांना ⌀०.३ चा स्थान-टॉलरन्स (भोक जागेवरून किती सरकलेले चालेल ती सूट) द्या, बोअरच्या "ए" आधाराने. याहून कडक देण्याचे कारण नाही, कारण चाक मध्यावर आणण्याचे काम स्पिगॉट करतो, बोल्ट फक्त आवळतात. भोके आरपार नसतील तर आट्यांची खोली आणि ड्रिलची खोली वेगवेगळी लिहा. एम ६ साठी ड्रिल ५.० चे लागते आणि टॅपच्या टोकासाठी खाली दोन-तीन आट्यांइतकी जास्त खोली लागते.

प्रश्नकर्ता

ड्रॉइंग नव्याने काढले. शाफ्ट एका कागदावर, हब एका कागदावर आणि दोन स्पेसर तिसऱ्या कागदावर. चौथ्या कागदावर सगळी जोडणी छेदात दाखवली आहे, मापांशिवाय, म्हणजे कोणता भाग कोठे बसतो ते एका नजरेत कळावे. टॉलरन्स लिहिलेली मापे मोजली. पहिल्या ड्रॉइंगवर एकही नव्हते, दुसऱ्यावर सत्तेचाळीस होती, या वेळी चारही कागदांवर मिळून चौदा आहेत. बेअरिंगच्या जागांना शाफ्टवर आरए (पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचे माप, मायक्रॉनमध्ये) ०.८ आणि हबमध्ये आरए १.६ लिहिले, इतरत्र आरए ३.२. कोपऱ्यात धातू, नग, मापाचे एकक आणि प्रक्षेपणाचे चिन्ह टाकले. "धारदार कडा ०.३ ने मोडाव्यात" हेही लिहिले, फक्त सर्क्लिपच्या खोबणीच्या कडांना ते लागू नाही असा शेरा दिला, कारण त्या गोल झाल्या तर सर्क्लिप निसटेल असे मला वाटले.

ते बरोबर आहे का? आणि देण्यापूर्वी आणखी काही पाहायचे राहिले आहे का?

उत्तर २

खोबणीच्या कडांबद्दलचा शेरा बरोबर आहे, तो राहू द्या. जोडणीचा कागद दिलात हे फारच चांगले केलेत. मी तो आधी पाहीन आणि मग बाकीचे वाचीन.

दोन गोष्टी करा. शाफ्टचा जो भाग ब्रॅकेटमध्ये बसतो, त्याच्यासाठी ब्रॅकेटचे भोक मोजलेत का? तुमच्या वर्णनात त्याचा कोठेच उल्लेख नाही, आणि तोही स्पर्श करणारा पृष्ठभागच आहे. ब्रॅकेट सुटत असेल तर चाकासोबत तोही आणा.

दुसरे, प्रत्येक कागदावर आवृत्ती आणि तारीख टाका, आणि वर्कशॉपमध्ये असलेले तुमचे पहिले ड्रॉइंग परत मागून घ्या. दुसरे तर तुमच्याकडेच आहे, पण पहिले अजून कोठल्या तरी खिळ्याला अडकवलेले असेल आणि त्यावर व या नव्या ड्रॉइंगवर भागाचे नाव एकच आहे.